मसुरकर मास्तरांचं आइसलँडिक

लग्न होऊन मी मुलुंडला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे मसुरकर मास्तर आमच्या दारात आले आणि माझ्याच लग्नाची पत्रिका माझ्या हातात ठेवून गेले. पत्रिका तपासलेली होती. 'आशिर्वाद'वर तांबडी फुली आणि डोक्यावर सुवाच्य अक्षरात 'आशीर्वाद'. 'स्वागतोत्सूक'मधला उकार ऱ्हस्व केलेला. खाली उजव्या कोपऱ्यात सही आणि 'पाहिले'. मी नवी नवरी, काय बोलणार? "थँक्यू" म्हणाले. संध्याकाळी नवऱ्याला दाखवली तर मोहन म्हणाला, "नशीब समज. मार्क नाही दिले."

मास्तर सगळंच तपासत. छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे हात शिवशिवत असणार. किराणावाल्याची पाटी, लॉन्ड्रीची पावती, वर्तमानपत्रातला श्रद्धांजलीचा मजकूर, काहीही चालायचं. सोसायटीच्या सूचना ते इतक्या नेमाने दुरुस्त करायचे की सेक्रेटरीने वैतागून फळ्याला काच आणि कुलूप बसवलं. दुसऱ्या दिवशी काचेवरच, बरोब्बर चुकलेल्या शब्दाच्या वर, तांबडी फुली होती. सेक्रेटरी मास्तरांचाच जुना विद्यार्थी. तो काय करणार बिचारा, काच पुसून शब्द सुधारला.

आणि हे सगळं चालता चालता. मास्तर एका जागी टिकतच नसत. उंच, किडकिडीत, पायजम्यावर पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. बोलायला लागले की पाय चालू व्हायचे. वाक्य आमच्या दाराशी सुरू व्हायचं आणि त्याचं क्रियापद ऐकायला आपण जिन्यात उतरायचं. सकाळी गच्चीत फेऱ्या, दुपारी गॅलरीत फेऱ्या, संध्याकाळी स्टेशनपर्यंत जाऊन परत, तिथे काही काम नसताना. काकी, म्हणजे त्यांची बायको, ओसरीवर बसावं तशा दारातच पाट मांडून कोलंबी सोलत बसायच्या आणि प्रत्येक फेरीला पाय आखडून घ्यायच्या. त्यांचं बोलणं अजून पक्कं मालवणी. "ह्येंका एके जाग्यार बसाक सांगलंय तर आजारी पडतले," असं त्या मला एकदा अगदी गंभीरपणे म्हणाल्या होत्या.

वेळेच्या बाबतीत तर हा माणूस असह्य होता. इस्त्रीवाला "परवा देतो" म्हणाला की मास्तर विचारणार, "परवा म्हणजे कोणता? गेला की येणारा?" आता इस्त्री केलेले कपडे गेल्या परवा कसे देणार? पण मास्तरांना ते चालत नसे. "जरा वेळाने", "मागे एकदा", "येईन कधीतरी" असलं काही त्यांच्यासमोर बोललं की ते थांबून आपल्याकडे बघत राहायचे आणि आपण मुकाट्याने वार आणि वाजलेले किती ते सांगायचो.

त्यांचा एकुलता एक मुलगा सतीश बोटीवर इंजिनियर होता. त्याची बोट एकदा दुरुस्तीसाठी आइसलँडच्या बंदरात अडकली ती महिनाभर, आणि सतीश तिथेच अडकला तो कायमचा. तिथल्या मुलीशी लग्न केलं, मासळीच्या कारखान्यात यंत्रांवर नोकरी धरली. ही हकीगत मला काकींनी सांगितली. मास्तर मुलाविषयी बोलत नसत. सतीशची पत्रं यायची ती वर्षाला दोन, इंग्रजीत, चार ओळींची, तब्येत सांभाळा वगैरे. मला नवल वाटायचं. मराठीच्या मास्तरांचा मुलगा बापाला इंग्रजीत का लिहितो? पण नव्या सुनेने असले प्रश्न विचारायचे नसतात, आणि पुढे विचारायचे राहूनच गेले.

चौऱ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. सतीशच्या एका पत्रातून फोटो आला. आठ वर्षांची मुलगी, केस गवतासारखे पिवळे आणि नाक थेट मास्तरांचं. हेल्गा. फोटोमागे तिचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं, हेल्गा सतीशदोत्तिर. मास्तर तो फोटो घेऊन अख्खी इमारत फिरले. "दोत्तिर म्हणजे दुहिता. संस्कृतातली दुहितृ. कुठे मुलुंड, कुठे आइसलँड, आणि शब्द बघा." लोक फोटोतली मुलगी बघत होते आणि मास्तर फोटोची मागची बाजू दाखवत होते.

हेल्गाला आइसलँडिकशिवाय कुठलीच भाषा येत नाही, असं सतीशने लिहिलं होतं. मास्तरांनी उलट टपाली एकच मागणी केली. दोन महिन्यांनी पुस्तक आलं. शिकणाऱ्यांसाठी इंग्रजीतून लिहिलेलं आइसलँडिक व्याकरण, जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं.

"नातीशी मी तिच्या भाषेत बोलणार," मास्तरांनी मला जिन्यात सांगितलं. "ती इकडे आली की दुभाष्या ठेवायचा का घरात?"

"येणारे का ती?"

"येईल ना." हे त्यांचं पहिलं वाक्य मी ऐकलं ज्यात वार नव्हता.

आता मास्तरांची एक अडचण होती. त्यांना शिकवल्याशिवाय शिकता येत नसे. समोर विद्यार्थी बसलेला नसला तर डोक्यात काही शिरत नाही, असं त्यांचं प्रामाणिक म्हणणं. विद्यार्थी म्हणून त्यांनी मला आणि मोहनला धरलं. मोहन पहिल्या रविवारी सोसायटीच्या पंपाचं निमित्त काढून सटकला. मी अडकले. औषधाच्या कंपनीत लेबलं तपासणारी मी बाई, सहा दिवस बाटल्या मोजून रविवारी सकाळी मसुरकरांच्या खोलीत आइसलँडिकच्या वर्गाला बसू लागले. दुसरी विद्यार्थिनी काकी. त्या कोलंबी घेऊन बसत.

मास्तर दाराकडून खिडकीकडे आणि खिडकीकडून दाराकडे जात शिकवायचे. पुस्तक इंग्रजांसाठी लिहिलेलं, म्हणून ते रात्रंदिवस त्याचं मराठी करत होते, शाळेच्या दुरेघी वह्यांत. बाकीच्या धड्यांना एकेक वही. दोन धडे मात्र त्यांना सोडवेनात, त्यांना तीन-तीन वह्या लागल्या. एक आत्मवाचक सर्वनामांचा आणि दुसरा काळवेळ सांगायच्या शब्दांचा.

"हे बघ सुलभा. हेल्गाने तिची बाहुली घेतली. कुणाची?"

"हेल्गाची."

"कशावरून? शेजारच्या मुलीची असेल."

"मग 'आपली बाहुली घेतली' म्हणायचं."

"हां." मास्तर खिडकीशी पोचले होते, तिथून गर्रकन वळले. "इंग्रज इथे अडकतो. त्याला 'तिची' आणि 'आपली' यातला फरक करता येत नाही. पुस्तकवाल्याने त्याला समजवायला चार पानं खर्ची घातलीत. आणि आपल्याला? एका ओळीचं काम. त्यांचा 'सिन' म्हणजे आपला 'आपला'. आपण जन्मल्यापासून अर्धं आइसलँडिक बोलतोय."

"दुसऱ्याची बाहुली घेतल्यान तर मार खातली," काकी कोलंबीवरून नजर न उचलता म्हणाल्या.

"आत्मवाचकाला प्रथमा नाही," मास्तर पुढे निघाले होते. "त्यांचं 'सिग' कधी कर्ता होत नाही. आधी दुसरं कुणीतरी पुढे यावं लागतं, मग मागून हे. फार नम्र सर्वनाम आहे." असलं काही सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळायचा की मला तपासायच्या राहिलेल्या लेबलांचा विसर पडायचा. खरं सांगायचं तर मला तो वर्ग आवडायला लागला होता. मोहनला मी ते सांगितलं नाही.

एकदा दुपारी कंपनीत निरोप आला, गेटवर घरचा माणूस आलाय, फार घाईत आहे. हातमोजे काढायचं भान राहिलं नाही, तशीच धावत गेले. गेटबाहेर मास्तर येरझाऱ्या घालत होते, घामाने निथळलेले. वॉचमनने त्यांना स्टूल दिलं होतं, ते रिकामंच होतं.

"काय झालं मास्तर? काकी बऱ्या आहेत ना?"

"किती वाजले?"

मी गेटवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अडीच."

"अडीच. आता ऐक. त्यांच्याकडे अडीचला म्हणतात 'अर्धे तीन'. हाउल्फ थ्र्यू. इंग्रज बुचकळ्यात पडतो, अर्धे तीन म्हणजे साडेतीन की काय. पण आपलं अडीच कुठून आलं? अर्धतृतीय. अर्धं आहे तिसरं ज्यात. तेच गं ते. तसंच्या तसं."

"हे सांगायला तुम्ही उन्हातून आलात?"

"संध्याकाळी तू आलीस की साडेपाच वाजलेले असतात," मास्तर म्हणाले. "अडीच वाजताच सांगायला हवं होतं."

वॉचमनने मला विचारलं, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?" मी ठीक आहे म्हणाले. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

काळवेळाचा धडा तर त्यांना जणू स्वतःसाठीच छापून आल्यासारखा वाटे. काल, काल संध्याकाळी, आज सकाळी, दर रविवारी, येत्या रविवारी, गेल्या हिवाळ्यात, प्रत्येकाला त्या भाषेत वेगळी विभक्ती आणि वेगळं शब्दयोगी अव्यय, गोंधळाला जागाच नाही. मागच्या परव्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आणि पुढच्या परव्याला 'उद्या नाही, तर तो दुसरा' असं अख्खं वाक्य. मास्तरांनी ते इस्त्रीवाल्याला तोंडपाठ करायला लावलं. तो बिचारा नंतर कित्येक दिवस कपडे देताना त्यातला उद्या तेवढा, "मोर्गुन, मोर्गुन", म्हणायचा.

हेल्गाला पहिलं पत्र लिहायला मास्तरांना तीन आठवडे लागले. अकरा वाक्यं होती. मी गच्चीत राहतो, म्हणजे गच्चीवर फिरतो. तुझी आजी आपले हात धुते. काल इथे ऊन होतं, आज ऊन आहे, उद्याही ऊन असेल. प्रत्येक वाक्य चारदा तपासून, कच्चं, पक्कं, मग सुवाच्य.

सव्वा महिन्याने उत्तर आलं. दीड पान, पेन्सिलीने, मोठाल्या अक्षरांत, कडेला बर्फातलं घर आणि एक कुत्रा. मास्तर ते घेऊन तिन्ही मजले चढले, उतरले. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या पोराटोरांनाही कळलं की हेल्गाच्या कुत्र्याने आपली शेपटी दारात अडकवून घेतली. आपलीच, दुसऱ्याची नाही, हे मास्तर ठासून सांगत होते. काकी पदराने डोळे पुसत होत्या. "माझ्या चेडवान पत्र धाडल्यान," माझ्या पोरीने पत्र पाठवलं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना मी वर डोकावले. मास्तर टेबलाशी होते. समोर हेल्गाचं पत्र आणि हातात तांबडं पेन. पानभर फुल्या आणि बारीक अक्षरातल्या दुरुस्त्या. खाली दहापैकी सहा, आणि त्याखाली आइसलँडिकमध्ये एक ओळ.

"हे काय लिहिलंत?"

"प्रगती समाधानकारक. चुकलेले शब्द प्रत्येकी पाच वेळा लिहून पाठवणे." मास्तर खुशीत होते. "सहा मी सहसा कुणाला देत नाही. तुझ्या पत्रिकेला चारच दिले असते."

मी हसले. हे मी लपवत नाही. मी हसले, आणि "द्या, पोस्टात टाकते" म्हणून ते पाकीट घेतलं आणि स्टेशनबाहेरच्या पेटीत टाकलं. आठ वर्षांची मुलगी, कधी न पाहिलेल्या आजोबाला स्वतःच्या भाषेत पत्र लिहिते आणि ते तिला तपासून परत येतं, यात काही बिघडेल असं मला क्षणभरसुद्धा वाटलं नाही. रोज चुकीची लेबलं बाजूला काढता काढता मीही थोडी मास्तर झाले असणार.

उत्तर आलं नाही.

पहिला महिना मास्तर पोस्टमनची वाट गॅलरीत बघत होते. दुसऱ्या महिन्यात फाटकाशी. तिसऱ्या महिन्यात ते नाक्यावर जाऊन त्याला गाठायला लागले आणि मग थेट पोस्टातच, टपाल वाटणीला निघण्याआधी. वर्ग चालू होता, पण त्यात जीव नव्हता. मधेच थांबून ते विचारायचे, "पत्र टाकून किती दिवस झाले गं?" आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच आकडा सांगायचे. आमच्या छपरावर त्यांच्या पावलांचा आवाज दिवसभर चालू असायचा. "पाय झिजतील मास्तरांचे," मोहन म्हणायचा, पण त्यालाही आता त्यात गंमत वाटत नव्हती.

आणि मग सतीशचं पत्र आलं. नेहमीसारखं इंग्रजी, पण चार ओळींचं नाही. मास्तर ते घेऊन आमच्याकडे आले आणि दारातच मला म्हणाले, "वाच." मी मनात वाचलं. हेल्गा तुमचं पत्र बघून रडली, असं सतीशने लिहिलं होतं. वर्गातल्या मुलांना दाखवायला तिने ते मोठ्या आनंदाने फोडलं होतं. आता ती म्हणते, भारतातले आजोबा माझ्यावर रागावलेत. तुमच्या दुरुस्त्यांपैकी अर्ध्या चुकीच्या आहेत, बाबा, इथे लोक असंच बोलतात, तुमच्या पुस्तकात नसेल. मी मराठीत लिहिणं का सोडलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. काही दिवस तिला लिहू नका, ही विनंती.

मी मान वर केली तेव्हा काकी मास्तरांच्या मागे येऊन उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"झिलाची पत्रां ह्येंनी अशीच परत धाडल्यानी," त्या मला म्हणाल्या. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बोटीवरसून लिवी तो. पयल्या वर्साक आठ-आठ पानां. ती तांबडी करून परत. मगे चार पानां. मगे इंग्लिश." मग त्या म्हणाल्या, "लग्नाचा पत्रसुद्धा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "लग्नाचं?"

"त्यात नऊ चुका होत्या," मास्तर म्हणाले.

मास्तर आमच्या खोलीत दोन पावलं पुढे गेले, दोन मागे आले. "आम्हाला न कळवता लग्न केलं होतं त्याने. पत्र आलं तेव्हा मला काय लिहावं सुचेना, सुलभा. राग लिहावा की आशीर्वाद लिहावा. दोन दिवस पत्र समोर ठेवून बसलो. मग चुका दिसायला लागल्या. म्हटलं, निदान हे तरी करू." ते जिन्याकडे निघाले. "ते मला येत होतं," एवढं पायऱ्यांवरून ऐकू आलं.

मला त्यांचा राग आला. खूप आला. आणि त्याच वेळी ते पाकीट मी स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं होतं हेही आठवलं. त्या रात्री मी मोहनशीही नीट बोलले नाही.

पुढचे काही आठवडे वर्ग झाला नाही. मास्तर फिरत होते, पण तपासत नव्हते. सोसायटीच्या फळ्यावर 'पाणि येणार नाही' असं आठवडाभर होतं. सेक्रेटरीच शेवटी मला येऊन विचारून गेला, "सर बरे आहेत ना?"

हालचाल केली ती काकींनी. मोहन टेलिफोन खात्यात, त्यामुळे इमारतीत फोन होता तो आमच्याचकडे. आम्ही दोघं कामावर जायचो म्हणून आमची किल्लीही काकींकडेच असायची. एका रविवारी दुपारी त्या मोहनसमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माका सतीशाक फोन लावून दी." कॉल लागला तेव्हा आम्ही दोघं मुद्दाम आतल्या खोलीत गेलो, पण काकींना फोनवर ओरडूनच बोलायची सवय होती.

"झिला, तुझो राग माका कळता. माझोय तोच राग आसा. पण चेडवाक येकदा बोलाक सांग. कायपण बोलांदे. ते आयकतले. मी सांगतंय तुका, ते आयकतले."

सतीशने कबूल केलं. येत्या रविवारी, आपल्याकडचे साडेतीन.

मास्तर शनिवारी संध्याकाळी निळं पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. आत्मवाचकांच्या धड्यात, अगदी शेवटच्या पानावर, एक क्रियापद होतं. लाजणं, शरमिंदं होणं. ते त्या भाषेत एकटं येत नाही, स्वतःला बरोबर घेऊनच येतं. "येग स्काम्मास्त मीन," मास्तर म्हणाले. "मला माझीच लाज वाटते. हे आधी म्हणायचं. मग पुढे ही वाक्यं." कागदावर चौदा वाक्यं होती. दिवस, तारीख, ऋतू, सगळं जागच्या जागी. "तू म्हणून घे माझ्याकडून. चुकलो तर सांग."

मी काय सांगणार? मला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्यांनी ते चौदा वेळा तरी म्हटलं आणि मी प्रत्येक वेळी "बरोबर" म्हणाले.

रविवारी एक वाजल्यापासून ते आमच्याकडे होते. काकी फोनजवळच्या कॉटवर. मास्तर दार ते मोरी, मोरी ते दार. साडेतीनला फोन वाजला नाही. तीन पस्तीसला वाजला नाही. मास्तरांनी दोनदा रिसीव्हर उचलून तो चालू आहे का पाहिलं, तेव्हा मोहन ओरडला, "अहो मास्तर, तुम्ही उचलून धरलात तर लागेल कसा?" तीन एक्केचाळीसला वाजला.

सतीशचे दोन शब्द झाले असतील. मग मास्तर ताठ उभे राहिले. "येग स्काम्मास्त मीन," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले.

पलीकडे काहीच नाही. फक्त खरखर. मास्तरांनी कागद डोळ्यांसमोर धरला, पुढचं वाक्य घ्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात रिसीव्हरमधून तो आवाज आला. आम्हा सगळ्यांना ऐकू आला. बारीक, भराभर, मधे श्वास न घेणारा. काहीतरी सांगत होती, मधेच हसत होती, पुन्हा सांगत होती. मास्तरांनी तोंड मिटलं.

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी वर आली. वर्गात पोरगं चुकलं की ती अशीच वर यायची, हे आमच्या सेक्रेटरीने मला कधीतरी करून दाखवलं होतं. बोट छातीपर्यंत आलं, हवेत थांबलं. मास्तरांनी ते खाली नेलं आणि टेबलाच्या कडेवर दाबून धरलं, नख पांढरं होईपर्यंत. "याउ," ते म्हणाले. म्हणजे हो. "याउ. याउ." चौदा वाक्यांचा कागद खाली पडला तो त्यांनी उचलला नाही.

किती वेळ झाला माहीत नाही. लाइन तुटली. मास्तर तरीही रिसीव्हर कानाशी धरून उभे. मोहनने तो हळूच काढून घेतला.

"काय म्हणालां चेडू?" काकींनी विचारलं.

"कळलं नाही," मास्तर म्हणाले. "एक वाक्य कळलं नाही गं. किती भरभर बोलते. पुस्तकात असं नाही." ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "पण बोलत होती. मी एकदाही थांबवलं नाही."

"बरां केलात," काकी म्हणाल्या. त्या उठल्या आणि चहाचं बघायला गेल्या.

पुढे पत्रं आली का, असं मला ही हकीगत ऐकणारे विचारतात. आली. फार नाही, वर्षातून तीन-चार. हेल्गा मुलुंडला काही आली नाही, निदान मास्तर होते तोवर. त्या फोननंतर मास्तर आणखी पाच वर्षं आमच्या डोक्यावर फेऱ्या घालत होते. पण मला ते आठवतात ते त्या फोनच्या दुसऱ्या दिवशीचे.

सोमवारी साडेपाचला मी कामावरून आले तर आमचं दार सताड उघडं. आत मास्तर फोनसमोरच्या खुर्चीवर बसले होते. एक पाय सारखा हलत होता, चप्पल फरशीवर टपटपत होती. समोर पुस्तक नाही, वही नाही, खिशाला पेन नाही.

"मास्तर? कधीपासून बसलायत?"

"अडीचपासून. काकीकडून किल्ली घेतली तुझी. रागावू नकोस."

"पण कशासाठी?"

"काल एक शब्द कळला होता," मास्तर म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललो नाही. 'आउ मोर्गुन' म्हणाली. दोनदा म्हणाली. उद्या."

मी पर्स खाली ठेवली. "उद्या फोन करते, असं म्हणाली?"

"तेवढं नाही कळलं. उद्या शाळा असेल. उद्या पोहायला जायचं असेल. कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचं असेल. काय वाट्टेल ते असेल, मला समजतं गं." त्यांनी फोनकडे बघितलं. पाय थांबला आणि पुन्हा हलायला लागला. "पण फोनच असला तर?"

मी त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढली आणि बसले.